एका इंचाला एक फूट

बुधवार, दुपारचे साडेतीन

ती. ताई,

वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, खांदा अजून दुखतो का, नव्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या का, आणि शेजारणीनं तुझ्या खिडकीसमोर वाळत घातलेल्या सतरंज्या शेवटी काढल्या का, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. (ठीक म्हणजे ताप, खोकला वगैरे नाही. बाकीचं पुढे येईलच.) फोन न करता हे पत्र कसं काय, असं तुझ्या मनात आलं असेल. त्याचं असं आहे की फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू म्हणतेस, "गोंध्या, मुद्द्यावर ये," आणि मुद्दा जवळ आला की नेमकं माझ्याकडे कुणीतरी गिऱ्हाईक येतं. (निम्म्या वेळा आलेलं नसतं.) कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही आणि मलाही पळता येणार नाही, असा दोन्हीकडून बंदोबस्त करून मी लिहायला बसलो आहे. बावन्न वर्षांचा बाप्या मी, पण आत्ता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं केल्यासारखं वाटतंय. यावरून पत्रात काय असेल याचा थोडा अंदाज कर आणि पाण्याचा पेला जवळ घेऊन बस.

सुरुवात माझ्या अध्यक्षपदापासून करावी लागेल. आमच्या तळ्याकाठी जितके म्हणून हॉटेलवाले, बोटवाले, दुकानवाले आहेत त्यांची एक संघटना आहे. तिच्या सभेला मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा पोहोचलो, कारण गच्चीवरची टाकी वाहत होती. तोवर तिथे एक परिपत्रक वाचून झालं होतं. पर्यटकांसाठी जेवढे धंदे आहेत तिथे व्हीलचेअरवरून येणाऱ्यांची सोय करा आणि ते बघायला एक समिती नेमा, असं त्यात होतं. समिती कुणालाच नको होती. एवढ्यात मी भिजलेल्या बाह्यांनी दार उघडून आत शिरलो आणि एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं, टाकीचं कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. खाली बसल्यावर कळलं की मी समितीचा अध्यक्ष झालो आहे. आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मला आजवर कुणी कशाचंच अध्यक्ष केलं नव्हतं. अध्यक्षाची खुर्ची मिळाली आणि दुसऱ्या कुठल्या खुर्चीचा विचार करायचा असतो हे मी त्याच क्षणी विसरलो.

पहिलं काम काय केलं असेल? स्टिकर छापले. निळ्या रंगाचे, गोल, मध्ये पांढरी व्हीलचेअर. छापखानेवाला म्हणाला, पाचशेच्या खाली मशीन सुरू करत नाही, म्हणून पाचशे छापले. धंदे होते बावीस. सोय व्हायच्या आधी स्टिकर आले, आणि आलेच आहेत तर लावणं भाग होतं. कुणाला द्यायचे हे ठरवायला मी एक फॉर्म काढला. त्यात एकच प्रश्न होता: 'आपल्याकडे व्हीलचेअरवरील पाहुण्यांचे स्वागत आहे काय?' बावीसच्या बावीस जणांनी 'हो' लिहिलं. (स्वागताला नाही कोण म्हणेल? एकानं तर 'हार्दिक' असंही लिहिलं होतं.) बोटीच्या तिकीट ऑफिसला अकरा पायऱ्या आहेत. तिथला स्टिकर मी अगदी खालच्या पायरीशेजारच्या खांबावर लावला, लांबून दिसावा म्हणून. मग पेपरात फोटो आला. त्यात समितीचे आम्ही पाच जण हसतोय आणि पुढे एक रिकामी व्हीलचेअर ठेवलेली. ती दवाखान्यातून तासाभरासाठी मागून आणली होती. तुझी भावजय फोटो बघून म्हणाली, "हिच्यात बसणारं कुणी मिळालं नाही का?" मी म्हटलं, घाई होती.

दुसऱ्यांना स्टिकर वाटायचे तर आपल्याकडे काहीतरी दिसायला हवं, म्हणून गेस्ट हाऊसच्या दारात उतार बांधायला घेतला. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. त्यांच्यापुढे चार फुटांवर तुझ्या भावजयीचा फुलांचा वाफा सुरू होतो. वाफ्याला हात लावायची माझी टाप नव्हती, म्हणून उतार चार फुटांत बसवायचा हुकूम मी मिस्त्रींना दिला. मिस्त्री तीस वर्षं भिंती बांधणारा माणूस. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हा उतार नाही, ही घसरगुंडी होईल." मी म्हटलं, तुम्ही बांधा हो. त्यांनी बांधली. सिमेंट वाळल्यावर चाचणी म्हणून धुतलेल्या चादरींची ढकलगाडी वर ठेवून मी हात सोडला. गाडी जी सुटली ती वाफा ओलांडून, कुंपणात शिरून, अठरा चादरींसकट पलीकडे रस्त्यावर पालथी झाली. ते बघून एखादा शहाणा माणूस सावध झाला असता. मी मात्र उताराच्या डोक्यावर निळा स्टिकर लावला आणि आत जाऊन बुकिंगच्या वेबसाइटवर 'व्हीलचेअरसाठी योग्य' या चौकटीत बरोबरची खूण केली. एक बोट लावलं की झालं. मला त्या बोटाची अजून लाज वाटते.

त्या खुणेवर विश्वास ठेवून एक बाई आल्या. एकट्या, टॅक्सीनं, सहा तासांचा रस्ता करून. साठी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला आणि मांडीवर एक कापडी पिशवी. नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची सगळी नोकरी झालेली. टॅक्सीवाल्यानं डिकीतून खुर्ची काढून दिली, बाई स्वतःच सीटवरून तिच्यात सरकल्या, टॅक्सी निघून गेली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उताराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यावरून आजपर्यंत कोण वर गेलंय?" मी खरं तेच सांगितलं. चादरी.

इथे मी पहिली मोठी चूक केली. (पहिली म्हणजे त्या दिवसातली पहिली.) बाई पुढे काही बोलणार तेवढ्यात मी, आपण किती तत्पर आहोत हे दाखवायला, मागून खुर्चीच्या मुठी धरल्या आणि जोर लावला. विचारलं नाही, सांगितलं नाही. ताई, तुला हे वाचूनच राग येणार हे मला ठाऊक आहे. निम्म्या वाटेवर खुर्चीची पुढची चाकं हवेत उचलली गेली आणि बाईंचं डोकं माझ्या छातीला येऊन टेकलं. मला पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी घाबरून म्हणालो, "सोडू का?" बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "धरायच्या आधी विचारायला हवं होतं. आता सोडलंत तर दोघंही वाफ्यात जाऊ. हळूहळू मागे या. मागे बघून. माझ्याशी बोलू नका." मी इंच-इंच मागे आलो. खाली पोहोचल्यावर माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आणि आमचे आचारी हातात झारा घेऊन दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

आचाऱ्यांनीच मग वाट दाखवली. स्वयंपाकघराचं मागचं दार जमिनीला सपाट आहे, तांदळाची पोती ओढत आत नेता यावीत म्हणून. बाई कांद्याच्या टोपल्या आणि तेलाचे डबे यांच्यामधून गेस्ट हाऊसमध्ये शिरल्या. आचारी पुढे होऊन एकेक टोपली बाजूला करत होते आणि म्हणत होते, "या बाई, या, घर आपलंच आहे." त्या अडाणी वाटणाऱ्या माणसाला जे सुचलं ते अध्यक्षांना सुचलं नव्हतं.

खोली नंबर दोन मी त्यांच्यासाठी ठेवली होती, कारण तिच्या खिडकीतून तळं दिसतं. दाराशी येऊन बाई थांबल्या. पिशवीतून मोजपट्टी काढली, चौकटीला लावली आणि म्हणाल्या, "दार सव्वीस इंच. माझी खुर्ची पंचवीस. चाकं हातांनी फिरवायची असतात. बोटं घरी ठेवून यायची होती का?" तरी त्या गेल्या आत, बोटं आखडून, दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन. एका हाताची सालटं निघाली ती निघालीच. मग त्यांनी बाथरूमचं दार पाहिलं. ते तेवीस इंचांचं होतं. दाराबाहेर भिंतीवर धरायला म्हणून मी एक दांडा बसवला होता, स्वतःच्या हातानं. (टॉवेल अडकवायचे दांडे माळ्यावर शिल्लक होते.) बाईंनी तो धरून नुसता ओढून बघितला. दांडा दोन्ही स्क्रूंसकट त्यांच्या हातात आला. तो त्यांनी पलंगावर नीट ठेवला, एखादं पुस्तक ठेवावं तसा.

मी हसायच्या बेतात होतो, ताई. असल्या वेळी मी हसतो हे तू लहानपणापासून बघितलेलं आहेस. पण बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मला आत्ता बाथरूमला जायचंय. सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतलेला नाही, कारण रस्त्यात कुठे सोय नसते. तुमच्याकडे पोहोचल्यावर जाईन असं ठरवून निघाले होते. तुम्ही लिहिलं होतंत ना, म्हणून."

हसू कुठल्या कुठे गेलं. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. तुझी भावजय मागे येऊन उभी होती हे मला माहीतही नव्हतं. तिनं मला बाजूला सारून बाईंना विचारलं, "मी धरू का?" (तिला विचारायचं सुचलं.) आणि त्यांना आमच्या राहत्या भागातल्या बाथरूमकडे घेऊन गेली. त्याचं दार तेहतीस इंचांचं आहे. सहा वर्षांपूर्वी नवं वॉशिंग मशीन दारातून आत जाईना, म्हणून मी चौकट फोडून ते रुंद करून घेतलं होतं. हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून अंगणात दोन चकरा मारून आलो. मशीनसाठी मी दार फोडलं होतं.

बाई बाहेर आल्या, चहा झाला, दोन मोठे पेले पाणी झालं. मग चष्मा पुसता-पुसता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी खुर्ची वापरतं का?" आणि मी म्हणालो, "नाही."

ताई, मी 'नाही' म्हणालो. तू नऊ वर्षं खुर्चीत आहेस. अपघातानंतर दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा गाडीतून तुला उचलून पहिल्यांदा खुर्चीत बसवणारा मी होतो. आणि एक अनोळखी बाई साधं विचारते तेव्हा माझ्या तोंडून 'नाही' निघालं. कारण 'हो' म्हटलं असतं तर त्यांचा पुढचा प्रश्न काय आला असता हे मला दिसत होतं: मग त्या इथे येतात तेव्हा कुठल्या खोलीत राहतात? गेस्ट हाऊस सुरू होऊन आठ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी तुला म्हटलं, रंगाचा वास आहे, पुढच्या वर्षी ये. दुसऱ्या वर्षी पंप बिघडला होता. (पंप एका दिवसात दुरुस्त झाला होता.) तिसऱ्या वर्षी खोल्या भरलेल्या होत्या. पुढे पुढे मी कारण देईनासा झालो आणि तू विचारीनाशी झालीस. मला ते सोयीचं वाटलं. मी मनाशी म्हणायचो, ताईला प्रवासच झेपत नाही. झेपतो की नाही हे मी तुला एकदाही विचारलेलं नाही. माझ्या 'नाही'वर तुझ्या भावजयीनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी लिहीत नाही. तू तिला ओळखतेस. ट्रे उचलून ती आत गेली आणि कपबशा नेहमीपेक्षा जोरात वाजल्या.

मी बाईंना म्हटलं, मी दुसरीकडे कुठे सोय होते का बघतो, तुमची माफी मागतो, वाटल्यास तक्रार करा. त्या म्हणाल्या, "तक्रार करणारच आहे. पण चार दिवसांचं बुकिंग आहे, चार दिवस राहणार. दुसरीकडे म्हणजे कुठे? सगळीकडे तुमचाच स्टिकर आहे." तेव्हा आमची झोपायची खोली त्यांना दिली आणि आम्ही दोघं खोली नंबर दोनमध्ये राहायला गेलो. (जाता जाता सांगतो, आठ वर्षांत मी माझ्याच पाहुण्यांच्या पलंगावर पहिल्यांदा पाठ टेकली. मधोमध एक खड्डा आहे आणि दोन्ही बाजूंचा माणूस घरंगळत त्यात येतो. पाहुणे वहीत 'घरगुती जिव्हाळा' असं लिहितात ते कशामुळे, हे मला आता कळलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्याकडून बावीस धंद्यांची यादी घेतली आणि म्हणाल्या, "चला, तुमची समिती बघू." तळ्याकाठच्या रस्त्यानं त्या पुढे आणि मी मागे, खिशात लोणी लावायची बोथट सुरी घेऊन. जिथे खुर्ची आत जाईल तिथे स्टिकर राहील, जिथे जाणार नाही तिथे मी तो खरवडायचा, असा त्यांचा निकाल. भर बाजारात, ओळखीच्या लोकांसमोर, मीच लावलेले स्टिकर मीच गुडघ्यांवर बसून खरवडतोय आणि बाई शेजारी मोजपट्टी घेऊन आकडे लिहून घेतायत. लोक विचारत होते, "काय हो अध्यक्ष, काय हरवलं?" तिकीट ऑफिसच्या अकरा पायऱ्यांखाली बाईंनी हाक मारली तेव्हा वरून कारकून ओरडला, "वर या, इथे मिळतात तिकिटं!" बाई खालून ओरडल्या, "तुम्ही खाली या, इथे माणसं मिळतात!" आमच्या समितीचा सचिव म्हणजे फोटो स्टुडिओवाला. त्यानं मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "कशाला काढताय? बाई चार दिवसांनी जातील, स्टिकर राहतील." मी परत जाऊन सुरी चालवली. आठवड्यापूर्वी मीही अगदी हेच म्हणालो असतो, आणि वर त्याला हुशार म्हटलं असतं. संध्याकाळपर्यंत बावीसचे तीन उरले. एक न्हाव्याचं दुकान, एक चष्म्याचं दुकान आणि एक पुलाखालची मोकळी जागा. तिला मी 'निसर्गदर्शन केंद्र' म्हणून स्टिकर दिला होता.

पण बाई काही खट्टू झाल्या नाहीत. त्यांना तळ्यात जायचं होतं. त्या म्हणाल्या, "नोकरीत असताना या तळ्याचा काठ मी कागदावर काढलाय. प्रत्येक वळण मला पाठ आहे. मध्ये मात्र कधी गेले नाही. तेव्हा पाय होते तर सवड नव्हती." आमच्या रंगीत बोटी धक्क्यापासून दोन फूट खाली डुलत असतात, त्यांत उतरायला माकडाचं अंग हवं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर हात चोळत उभा होतो. तेवढ्यात बाईंनी लांब बोट दाखवलं. "ती कसली आहे?"

ती जनावरांची नाव होती. पलीकडच्या काठावर चारा असतो, म्हणून एक म्हातारे नावाडी रोज सकाळी शेळ्या घेऊन जातात. सपाट, रुंद नाव, आणि पुढची फळी दोराला बांधलेली. दोर सोडला की फळी काठावर आडवी होते आणि शेळ्या चालत आत जातात. पर्यटकांना ती दिसू नये म्हणून संघटनेनं तिची जागा लांब टोकाला दिली आहे. (तो ठरावही मीच मांडला होता. वासाचं कारण दिलं होतं.) नावाडीबाबांना विचारलं तर म्हणाले, "न्यायला काय हरकत आहे? शेळ्यांना शिडी चढता येत नाही, म्हणून मी फळी केली. माणसांचं मला कुणी विचारलंच नाही." बाई तोंडाला पदर लावून एवढ्या हसल्या की चष्मा मांडीवर पडला. मग त्यांनी स्वतः चाकं फिरवली, फळीवरून सरळ आत गेल्या आणि ब्रेक लावला. कुणी उचललं नाही, कुणी धरलं नाही. मी मुठींना हात लावायच्या आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही शेळी धरा." म्हणून मी एक शेळी धरली.

तळ्याच्या मध्यावर नावाडीबाबांनी वल्ही थांबवली. सात शेळ्या, बाई, मी आणि चहूकडे पाणी. बाई काठाकडे बघत बोटानं हवेत रेघ काढत म्हणत होत्या, इथे काठ आत वळतो, इथे खडक, हा मी नकाशात थोडा चुकवला होता. त्यांचा चेहरा असा झाला होता की बघू नये असं वाटलं, म्हणून मी शेळीकडे बघितलं. आणि मला सारखं वाटत होतं की हे तू बघायला हवं होतंस. पोहायला मला तू शिकवलंस, पाण्याची भीती तू घालवलीस, आणि आठ वर्षं मी तुझ्यापासून एक अख्खं तळं लपवून ठेवलं. मी तोंड उघडलं. म्हटलं, "बाई, मी परवा खोटं बोललो. मला एक बहीण आहे." बाईंनी मान न वळवता सांगितलं, "ठाऊक आहे. तुमच्या बायकोनं बाथरूमच्या दारातच सांगितलं मला." मग म्हणाल्या, "आणि हे मला कशाला सांगताय? माझा तुमच्यावर राग असायचं कारण वेगळं आहे. हे तिला सांगा." शेळीनं माझ्या बाहीचं बटण खाल्लं.

बाई चौथ्या दिवशी गेल्या. जाताना सात पानांची तक्रार हातात दिली, मोजमापांच्या आकृत्यांसकट, आणि वर लिहिलं होतं, 'सोबत उपाय जोडले आहेत'. तिच्यातलं एक वाक्य मला तोंडपाठ झालंय. एक इंच चढायचं असेल तर उतार एक फूट लांब हवा. आमच्या तीन पायऱ्या अठरा इंच, म्हणजे उतार अठरा फूट. मी चार फुटांत उरकला होता. मिस्त्रींनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "मी घसरगुंडी म्हणालो होतो." आता जुना उतार फोडून नवा अठरा फुटांचा केलाय, मध्ये एक वळण देऊन, दोन्ही बाजूंना कठडा. वाफा गेला. तुझ्या भावजयीनं तो आपण होऊन, हसत हसत, स्वतःच्या हातानं उपटून दिला. वेबसाइटवरची खूण मी काढली आहे. समितीचा राजीनामा दिला, तो कुणी घेतला नाही, कारण मग दुसरा अध्यक्ष शोधावा लागला असता. तेव्हा मी अट घातली, की खुर्ची वापरणारं माणूस हजर असल्याशिवाय समितीची सभा होणार नाही. पहिल्या दोन सभा रद्द झाल्या आणि सगळे खूश होते. मग शोधल्यावर गावातच सात जण निघाले. सात! त्यांतले एक तर शाळेत गणित शिकवतात आणि तळ्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. ते म्हणाले, "तळ्यावर मी शेवटचा गेलो तेव्हा तिथे बाकंसुद्धा नव्हती." पुढच्या सोमवारी तिसरी सभा आहे, पुलाखाली, कारण संघटनेच्या कार्यालयाला पायऱ्या आहेत.

तर असं सगळं आहे. माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत. सुचले असते तर पत्र इतकं लांबलं नसतं. भाऊजींना नमस्कार सांग. खांद्याला शेक घे.

तुझा धाकटा,
गोंध्या

ता. क. इथे सगळं तयार आहे. खोली नंबर दोन तुझ्यासाठी ठेवली आहे, तळं दिसणारी. तू आणि भाऊजी या. एक आठवडा या, महिना या. नावाडीबाबांना सांगून ठेवलंय. शेळ्यांचं तुला चालेल ना?

ता. क. (अक्षर बदललंय ते बघून घाबरू नका, ताई, ही मी. पाकीट चिकटवायला मला दिलं म्हणून वाचलं.) वाफा मी हसत हसत दिलेला नाही. दोन दिवस यांच्याशी बोलत नव्हते आणि शेवंतीची मुळं अजून बादलीत ठेवली आहेत. आणि नावेत शेळीकडे बघितलं वगैरे लिहिलंय ते सगळं खोटं, हे तिथे हमसून हमसून रडले. नावाडीबाबांनी अख्ख्या बाजाराला सांगितलंय. तुम्ही या. यांच्यासाठी नको, माझ्यासाठी या.

ता. क. पाकीट तिच्याकडून परत घेतलं आहे. ती म्हणते ते खरं आहे, आणि मी वर लिहिलेलं 'सगळं तयार आहे' हेही खरं नाही. उतार झाला, खोलीचं दार झालं. बाथरूम फोडून ठेवलंय आणि मिस्त्री तीन दिवस नुसते स्टुलावर बसून आहेत, कारण बेसिन किती उंचीवर लावायचं, दांडा कुठे आणि खुर्ची वळायला जागा किती, हे त्यांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. (बाईंच्या कागदावर आहेत ती मापं त्यांच्या खुर्चीची आहेत.) पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. नऊ वर्षं झाली, ताई, आणि तुझ्या खुर्चीची रुंदी किती हे मला माहीत नाही. मोजून कळव. इंचात कळव, मिस्त्रींना सेंटिमीटर पटत नाहीत. रागावून कळवलंस तरी चालेल, आकडा तोच राहील.